बेचाळीस गुंजा

पावस, सोमवार, ता. १२ नोव्हेंबर १९३४

भागोजीकाका,

पावसच्या हरिश्चंद्र सोनाराचा साष्टांग नमस्कार. सात वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम हे जाडजूड पाकीट, म्हणून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. पत्र फाडायचं असेल तर फाडा, पण शेवटपर्यंत वाचून फाडा. पत्ता मुंबईला गोदीत काम करणाऱ्या शिवाने दिला. तो गेल्या आठवड्यात बोटीने गावी आला. म्हणाला, भागोजी हवालदार गोदीच्या फाटकावर पहारा करतात, तब्येत ठणठणीत आहे, पण गावचं नाव काढलं की गप्प बसतात.

आमचे अण्णा श्रावणात गेले. फार त्रास झाला नाही. दुकान आता मी बघतो. परवा एका नथीत मोती ओवत होतो, तर आई दारातून बघत बसली आणि म्हणाली, "हा हात अण्णांचा नाही हो, हा हवालदारांनी घडवलेला." मला हसू आलं आणि मग हसू येईना. खरंच आहे ते. बावीस वर्षांचा घोडा झालो होतो तरी हातात घेईन ते मोडत होतो. अण्णांनी दोनदा दुकानातून हाकललं होतं. तेवढ्यात तुम्ही पलटणीतून पेन्शन घेऊन आलात, खोतांच्या रायफलीच्या परवान्यावर राखणदार म्हणून तुमचं नाव लागलं, आणि काडतुसं घरीच भरायची म्हणून तुम्ही आमच्या पडवीत येऊन बसलात. "शेट, शिंगाच्या मापाने दारू घेतो ती कधी दाबून बसते, कधी सैल राहते. आज गोळी डुकराच्या डोक्यावरून जाते, उद्या पायाखालून. मला तुमचा काटा हवा." अण्णा म्हणाले, "काटा नेऊ नका, इथेच बसून तोला. आणि तोलायला हा आमचा दिवटा घ्या, माझ्या तो कामाचा नाही."

असा मी तुमच्या पदरात पडलो. चूल विझवलेली, विड्या अंगणाच्या गडग्यापलीकडे, खारा वारा पारड्यांना हलवू नये म्हणून खिडकी बंद. एका पारड्यात बेचाळीस गुंजा, दुसऱ्यात दारू. पितळी वजनांना अण्णा हात लावू देत नसत, दारूतल्या गंधकाने काळी पडतात म्हणून. मीच गुंजा वेचल्या, एकेक तोलून सारख्या वजनाच्या बेचाळीस निवडल्या आणि करवंटीच्या डबीत ठेवल्या. श्वास सोडून झाल्यावर काट्याकडे बघायचं, शेवटचे कण टिचकीने पाडायचे. पहिल्या दिवशी एक काडतूस भरायला मला अर्धा तास लागला आणि तुम्ही एकदाही "आटप" म्हणाला नाहीत. तोवर मला असं कोणी वागवलंच नव्हतं. आज माझ्या घरी दोन्ही वेळ चूल पेटते ती त्या अर्ध्या तासामुळे. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. आज बोलतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दिवाळीला दुकान झाडायला काढलं. देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यातली अण्णांची पत्र्याची डबी माझ्या हातून पडली, गुंजा सांडल्या, आणि एक पाटाखाली सापडून चिरडली. काका, गुंज अशी चिरडत नसते, तिला हातोडी लागते. उचलून बघतो तर आत पोकळ. काळ्या ठिपक्यातून सुईने कोरून आतला गर काढलेला, भोक लाखेने बुजवलेलं, वर काजळी. डबीतल्या सगळ्याच तशा. पाच घेऊन तोलल्या, त्या चार खऱ्या गुंजांबरोबर उतरल्या.

आठवतं का, भाताला डुकरं लागली म्हणून आश्विनात पारध ठरली होती आणि आदल्या दिवशी तुम्ही दहा काडतुसं घाईने मागितलीत. माझी करवंटीची डबी तुमच्या घरी राहिली होती. अण्णा रत्नागिरीला गेले होते. मी कोनाड्यातली ही डबी काढली. गुंज ती गुंज, असं म्हटलं आणि बेचाळीस मोजून घेतल्या.

म्हणजे दारू खरी भरली चौतीसच गुंजा. तुम्ही डुकराच्या खांद्यावर नेम धरून झाडलेली गोळी खाली उतरली, त्याच्या पायात बसली, आणि ते पिसाळून रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांतल्या केरूच्या मांडीत घुसलं. गावकीत सगळे म्हणाले, भागोजीचा डोळा गेला. मला विचारलं तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "माझं माप चोख होतं." मग दोष ठेवायला तुमच्या डोळ्याखेरीज जागाच उरली नाही. परवान्यावरचं तुमचं नाव गेलं, पारधीतल्या पहिल्या गोळीचा मान गेला, आणि पंधरा दिवसांत तुम्ही बोटीत बसलात. तुम्ही त्या बैठकीत एकच वाक्य बोललात. "त्याचं माप चोखच असतं." माझी बाजू तुम्ही घेतलीत, काका, आणि मी ती घेऊ दिली.

तुमचा डोळा गेला नव्हता. हे मला कळून आठवडा झाला. अजून कोणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. चूक त्या गुंजांची होती. उत्तर द्या. शिव्या असल्या तरी चालतील.

तुमचा
हरिश्चंद्र


पावस, रविवार, ता. २ डिसेंबर १९३४

भागोजीकाका,

उत्तर नाही. मी रोज टपालवाल्याची वाट बघतो आणि तो रोज मला बघून आधीच मान हलवतो.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. चूक गुंजांची होती, असं लिहून मोकळा झालो. सगळी चूक गुंजांची नव्हती. दारू घातल्यावर तिच्यावर कापसाची बोळी बसवायची आणि मग गोळी, हे तुम्हीच शिकवलंत. रोज करंगळीच्या नखाएवढा कापूस पुरायचा. त्या दिवशी दुप्पट लागला. एका काडतुसाला नव्हे, दहाच्या दहांना. मला ते दिसलं होतं. हात म्हणत होता, आत काहीतरी कमी आहे. काटा म्हणत होता, बरोबर आहे. मी काट्याचं ऐकलं, कारण काटा आमच्या घरचा आणि हात नुकताच कुठे सुधारलेला. तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं, आधी हाताला विचार आणि मग काट्याला. त्या दिवशी मी हाताला गप्प बसवलं आणि गावकीत स्वतःला. "कापूस जास्त लागला होता" एवढं बोललो असतो तर तुम्ही आज इथे असता.

आता अण्णांबद्दल. शेवटी आईला ती डबी दाखवली. तिने गुंज हातात घेतली आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, घेतानाच्या आहेत त्या. अडल्यानडल्या बायका दागिना मोडायला येतात, केवढासा तो, दोन मणी नाहीतर एखादी बुगडी. तो विकत घेताना अण्णा ह्या हलक्या गुंजांनी तोलत. गुंज हलकी म्हणजे दागिन्याला गुंजा जास्त बसतात आणि बाईच्या पदरात चार पैसे जास्त पडतात. गिऱ्हाईकाला सोनं देताना मात्र खऱ्या गुंजा. उघड जास्त दिलं असतं तर कोणी बाईने घेतलं नसतं, आणि दुकानात भागी असलेल्या अण्णांच्या भावाने घर डोक्यावर घेतलं असतं. आईलासुद्धा त्यांनी हे गेल्या वर्षी तापात सांगितलं. मी इतकी वर्षं ज्या माणसाला कवडीचुंबक म्हणत होतो तो कंदिलाशी बसून गुंजा कोरत होता. माझ्या हाताला कला नाही म्हणून ओरडणारा तोच माणूस.

पण काका, माझी अडचण बघा. तुमच्यावरचा बोल काढायचा तर ही डबी गावकीपुढे ठेवायला हवी. आणि सोनाराच्या घरात पोकळ गुंजा निघाल्या म्हटल्यावर लोक काय समजणार? घेताना वापरत होते की देताना, हे कोण विचारत बसतो? अण्णांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्या बाजूने बोलायला फक्त आई आहे, आणि तिचं कोण खरं मानणार.

चार दिवस मी नीट जेवलो नाही. आईने काल ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "ते गेले. भागोजी जिवंत आहेत. जिवंत माणसाचं आधी बघ." ती उठून आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही.

गावकी मार्गशीर्षातल्या पौर्णिमेनंतर बसते. मी जाणार आहे.

तुमचा
हरिश्चंद्र


पावस, सोमवार, ता. २४ डिसेंबर १९३४

भागोजीकाका,

काल देवळात गावकी झाली. मी उठून पुढे गेलो. डबी देवापुढच्या फरशीवर ठेवली, एक गुंज हातोडीने फोडून दाखवली, काटा धरून पाच आणि चार तोलून दाखवल्या. मग सगळं सांगितलं. कापूससुद्धा सांगितला.

मग धोंडू गावकर, तेच अजून गावकीचे मुख्य, पुढे सरकून बसले. तुम्हाला त्यांचा आवाज माहीत आहे. "भागोजीचा नंतर बगू. शेट, आदी आमच्या सोन्याचा काय ता सांग. तुज्या बापान आमाला ह्याच गुंजांनी तोललान काय?"

मी म्हटलं, घेतानाच. देताना नाही. मागून कोणीतरी हसलं. एकजण म्हणाला, "बाप मेला, आता पोर काय पन सांगंल." माझ्या अंगाचा भडका उडाला होता. तुम्ही मला ओळखता, एरवी मी त्याची गचांडी धरली असती. पण हात काट्यावर होता आणि काटा धरला की हात हलवायचा नाही, ही तुमचीच शिस्त. तसाच उभा राहिलो.

बायकांनी गावकीत बोलायची रीत नाही. पण पायरीवर यमुनाबाई बसली होती, खालच्या आळीची, जिचा नवरा बोटीवर असताना वारला तीच. ऐंशीच्या पुढच्या बाईला गप्प कोण बसवणार? ती तिथूनच ओरडली.

"गप ऱ्हा रे धोंडू! माजा घो गेला त्या साली मी बुगडी मोडली. आदी रत्नागिरीत दाखवली, थय अकरा गुंजा भरली. मग हय आनली. आण्णाशेटान चवदा भरवलान. मना मोजता येत नाय काय? मी म्हटलं, शेट, तुमचा काटा चुकला वाटता. तर माज्यावरच वरडलान, म्हणालान, काकी, माजा काटा कदी चुकत नाय, घे पैसं नि जा घराकडं."

मंडळी हसली, पण हे हसणं वेगळं होतं. मग बाबल्या उठला. "माज्या आयेच्या मण्यांचा पन तसाच झालेला. आय म्हणायची, शेट खवट हाय पन त्याचा काटा देवमानूस." मग आणखी एक, मग आणखी एक. काका, सहा घरं निघाली. सहाही घरांना ठाऊक होतं आणि सहाही घरं इतकी वर्षं गप्प होती, कुठे बोललं तर शेट बंद करील म्हणून. मी फरशीवर बसलो आणि सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडलो. अण्णा असते तर म्हणाले असते, ऊठ, सोवळ्यातली फरशी ओली होते.

केरू शेवटी बोलला. तो काठी टेकत पुढे आला. मला वाटलं, आता काठी माझ्या डोक्यात. तो म्हणाला, "माजा पाय काय आता सरळ व्हायचा नाय. ता ऱ्हाऊ दे. पन भागोजीन चुकवलान, असा मी सात वर्सा सांगत सुटलो. ता मना परत घ्यायचा हाय. शेट, त्याला लिव. लिव, केरू म्हणालान, तुजा डोळा शाबूत हाय."

म्हणून लिहिलं. खोतांनी परवान्यावर तुमचं नाव पुन्हा घालायचं कबूल केलं आहे, तसा अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत जाईल. पारध होळीच्या आधी ठरली आहे, आणि पहिली गोळी गावकीने तुमच्यासाठी ठेवली आहे. तुम्ही आला नाहीत तर ती कोणीच झाडायची नाही, असं धोंडू गावकरांनी स्वतः सांगितलं.

मी तुमची क्षमा मागत नाही. मागण्यासारखं तोंड नाही. आभार मात्र मानतो. काल जे उभं राहता आलं ते तुमच्यामुळे.

तुमचा
हरिश्चंद्र


पावस, रविवार, ता. १७ फेब्रुवारी १९३५

भागोजीकाका,

शिवा काल बोटीने उतरला आणि घरीसुद्धा न जाता थेट माझ्याकडे आला. टपालात घालायची वस्तू नाही म्हणून तुम्ही त्याच्या हाती दिलीत, आणि तो बिचारा मुंबईपासून ती पोटाशी धरून बसला होता. फडक्याच्या तीन घड्या, आत तुमचं पत्र, आणि आत ते काडतूस. पितळावर मी नखाने केलेली खूण आहे अजून. त्या दिवशीच्या दहांतलं दहावं.

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. तुम्हीच लिहिलेलं तुम्हाला पुन्हा सांगतो, कारण मला ते हाताने एकदा लिहून बघायचं आहे. "हरिश्चंद्रा, हे एक उरलं होतं ते ट्रंकेत घालून आणलं. सात वर्षं उघडलं नाही. इथे सोनार पुष्कळ आहेत, कोणीही तोलून दिलं असतं. पण दारू पुरी निघाली असती तर माझा डोळा गेला असं ठरलं असतं, आणि कमी निघाली असती तर तू गेला असतास. दोघांतलं एक जायला मला नको होतं. रोज सकाळी फाटकावरून एक डोळा मिटून लांबच्या बोटींची नावं वाचतो. वाचता येतात. तरी रात्री वाटतं, खात्री नाही. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. आता उघड. मी नाही उघडत, तू उघड."

तुमचा माझ्यावर राग नव्हता. मी सात वर्षं तुम्हाला रागावलेलं समजून लांब राहिलो, आणि तुम्ही माझा दोष ट्रंकेत बंद करून त्याच्यावर झोपत होतात. असं कोणी कोणासाठी करतं का हो?

आज दुपारी उघडलं. आमच्याच पडवीत. चूल विझवली, खिडकी लावली. केरूने विडी गडग्यापलीकडे टाकली, न सांगता. धोंडू गावकर आणि खोत साक्षीला बसले, आई उंबऱ्यात. यमुनाबाईला कोणी बोलावलं नव्हतं, पण आली. गोळी हळू हळू फिरवून काढली. कापसाची बोळी निघाली, भली मोठी. ती मी सगळ्यांना दाखवली. मग दारू पारड्यात ओतली आणि दुसऱ्या पारड्यात माझ्या करवंटीच्या डबीतल्या खऱ्या गुंजा एकेक टाकत गेलो. केरू मोठ्याने मोजत होता. तीस झाल्या, एकतीस, बत्तीस. श्वास सोडला आणि मग बघितलं. चौतिसाव्या गुंजेला काट्याची जीभ सरळ उभी राहिली.

केरू पुढे मोजायचा थांबला. त्याने हात जोडले ते मला नव्हेत, मुंबईच्या दिशेला.

खोत म्हणाले, वर आठ गुंजा घाल आणि बंद कर. मी म्हटलं, नाही, जुनीत नवी मिसळायची नाही, ही हवालदारांची ताकीद आहे. ती जुनी दारू केरूने मागून घेतली. अंगणाबाहेर कातळावर पसरली आणि लांब काठीने स्वतः पेटवली. एक भपकारा उठला आणि संपलं. परत आला तेव्हा म्हणाला, "झाला. आता नवा भर."

मग त्याच पितळाच्या बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवली. दारू तोलली, बेचाळीस. आधी हाताला विचारलं आणि मग काट्याला, दोघांनीही एकच सांगितलं. पोकळ गुंजांची डबी देव्हाऱ्यामागे परत ठेवली आहे. घेताना मी आता त्याच वापरतो, आणि गावातल्या बायका मुद्दाम माझ्या काट्याकडे बघत नाहीत.

बोट दर मंगळवारी आणि शुक्रवारी मुंबईहून सुटते, दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला लागते. केरू बंदरावर येणार म्हणून आजपासून काठीला तेल लावतो आहे. खोतांकडची रायफल मी स्वतः पुसली आहे. काडतूस माझ्याकडे आहे आणि ते फक्त तुमच्या हातात देईन.

ह्या वेळी कापूस करंगळीच्या नखाएवढाच लागला, काका.

तुमचा
हरिश्चंद्र